दुसऱ्या सीडीतली गल्ली

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा मोबाईलवर टाईप केलं, दोनदा पुसलं. राग आला की माझी बोटं सुसाट सुटतात, आणि नंतर वाचलं की वाटतं कशाला उगाच. पण काल एक फोन आला. त्यानंतर सुद्याशी बोललो. तो म्हणाला, "पुसू नको आता. हाय तसं ऱ्हाऊ दे."

म्हणून हाय तसं.

सात वर्षं झाली. कोल्हापुरात राजारामपुरीत एक स्टुडिओ होता, दुपारची वेळ, एसी असा लावलेला की दात वाजावेत. केतन सर खुर्ची गरागरा फिरवत आम्हाला सांगत होते,

"डबल अल्बम हा रॉकवाल्यांचा जुना रोग आहे रे. तुमचा हा पहिला अल्बम. तुम्हाला गल्लीबाहेर कोणी ओळखत नाही. आणि दोन सीड्या? बाबांनो, एक सीडी घेणारा माणूस शोधायची मारामार आहे."

केतन सर पुण्याचे. त्यांची स्वतःची छोटी म्युझिक कंपनी. त्यांनी आमचा एक व्हिडिओ बघितला आणि अल्बम काढायचं कबूल केलं, तेव्हा आम्ही तिघं रंकाळ्यावर भेळ खात नाचलो होतो. आमच्या बँडचं नाव 'गुऱ्हाळ'. ऋतुराज घोरपडे गायचा आणि गिटार वाजवायचा. दिसायला देखणा, आवाज पण तसाच. सुदर्शन वायदंडे, म्हणजे सुद्या, ड्रमवर. आणि मी सन्मती मगदूम, बेसवर. व्हिडिओ बघून बघून शिकलेला. आजही मला नोटेशन वाचता येत नाही, आणि येत नाही तर नाही.

"पहिली सीडी झकास आहे," केतन सर म्हणाले. "ऋतुराजची गाणी आहेत, कोरस आहेत, लोक गुणगुणतील. दुसरी काय आहे? चाळीस मिनिटं नुसतं चाललंय. कुठलं गाणं कुठं संपतं तेच कळत नाही."

"संपतच नाही ते," सुद्या म्हणाला. "एकातनं दुसरं निघतंय."

"तेच म्हणतोय मी. लग्नाचा बँड वाटतो रे."

"लग्नाचाच बँड हाय."

मी हसलो. ऋतुराज हसला नाही. तो सोफ्यावर मोबाईल बघत होता. मान वर न करता म्हणाला, "सर, सन्म्याला विचारा. डबल अल्बमबद्दल ह्याचं मत काय आहे ते. टपरीवर रोज भाषण ठोकतो."

हे खरं होतं. आयटीआयसमोरच्या टपरीवर माझं ते ठरलेलं भाषण होतं. डबल अल्बम म्हणजे लग्नातली पंगत. चार पदार्थ चांगले असतात, बाकीचे पान भरायला. प्रत्येक डबल अल्बमच्या पोटात एक चांगला सिंगल अल्बम अडकलेला असतो, आणि बँडच्या अंगात तो बाहेर काढायची हिंमत नसते. आपलीच पोरं, कुणाला टाकायचं? म्हणून सगळी घालतात. त्यात ड्रमरला वाईट वाटू नये म्हणून त्याचं एक गाणं, कीबोर्डवाल्याचा एक तुकडा. झाले दोन अल्बम.

हे माझं मत होतं. आजही आहे. त्यात मी काही बदल करणार नाही.

"बोल की," ऋतुराज म्हणाला. "आता का गप्प? पंगत, पान भरायला, ते सगळं सांग सरांना."

"वा! पंगत!" केतन सरांनी मांडीवर थाप मारली. "बरोब्बर! हा मुलगा हुशार आहे."

सुद्या माझ्याकडं बघत होता. स्टिकनं गुडघ्यावर हळू ठोका देत होता. टक. टक. टक.

दुसरी सीडी कशी झाली ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सुद्याच्या वडिलांचा बँड आहे, नवजीवन ब्रास बँड. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, सात माणसं. वडिलांना सगळे बापू म्हणतात. ते क्लॅरिनेट वाजवतात. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा आम्ही आमचं एक गाणं त्यांना ऐकवलं. बापूंनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "चांगलं हाय. पर तुमचं गाणं दर चार मिनिटाला मरतंय की."

"म्हणजे ओ बापू?"

"म्हंजे संपतंय. थांबतंय. परत पहिल्यापास्नं. आमच्यात नवरदेव दारात पोचंपर्यंत गाणं मरत न्हाई. एकाच्या शेपटातनं दुसरं काढायचं. टाळ्या घ्यायला थांबलो तर नवरा घोड्यावरच म्हातारा हुईल."

त्यातनं ती सीडी आली. चाली सुद्याच्या, वाजवणार बापूंचा बँड, आणि नंतर स्टुडिओत त्यावर माझा बेस. चालत चालत रेकॉर्ड करायचं, हायवेवरनं गावात शिरायचं ते थेट मारुतीच्या देवळापर्यंत. वरात जाते तसंच. मी माझ्या मामाचा रेकॉर्डर घेऊन पुढं उलटा चालत होतो. दोनदा गटारीत पडता पडता वाचलो. बापू क्लॅरिनेट तोंडात ठेवूनच डोळ्यांनी शिव्या घालत होते.

ऋतुराज त्या दिवशी आला नाही. तोही त्याच गावचा, हायवेपलीकडं त्यांचा बंगला. म्हणाला, घसा बसलाय. आम्ही म्हटलं, तुला गायचंय कुठं, नुसता ये. तरी नाही आला.

वाटेत सुद्याची गल्ली लागते. गावात शिरायची वाटच त्या गल्लीतनं आहे. गल्लीच्या तोंडाशी बापूंनी हात वर केला आणि सगळी वाद्यं खाली आली. ट्रंपेट गप्प, ढोल गप्प. फक्त सुद्याची एक काडी ड्रमच्या कडेवर. टक. टक. टक. पावलं चालतच होती. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. एका दारातनं बाईचा आवाज आला, "कोण गेलं गं?" गल्ली संपली तसं बापूंनी क्लॅरिनेट उचललं आणि परत सगळं धडाडलं.

मला वाटलं दम खायला थांबले. संध्याकाळी सुद्याला म्हटलं, "मधला तेवढा तुकडा कापूया का? मोकळाच गेलाय."

"ऱ्हाऊ दे. ते लागतंय," तो म्हणाला. मी पुढं विचारलं नाही.

तर स्टुडिओ. केतन सरांनी दुसरी सीडी लावली आणि माऊसनं पुढं पुढं सरकवत बसले. नेमकी गल्ली आली. टक. टक.

"हे काय? माईक बंद पडला?"

"नाही सर," मी म्हटलं. "तसंच आहे ते."

"कोणीतरी बोलतंय मध्ये. कुकर वाजतोय! अरे, स्वयंपाक चाललाय इथं!" ते एकटेच हसले. "हे आधी काढू. मग ह्या बँडमधला पंधरा सेकंदांचा चांगला तुकडा घेऊ, ऋतुराजच्या पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला लावू. जरा मातीचा कलर येईल. बाकीची सीडी बाजूला. काय?"

"चालेल," ऋतुराज लगेच म्हणाला. इतक्या लगेच की मी त्याच्याकडं बघितलं. "ते मधलं तर काढाच सर. बाकीचं नंतर बघू, पण ते काढाच."

"त्यातलं काय बी निघणार न्हाई," सुद्या म्हणाला.

"सुदर्शन, हट्ट नको. तिघं आहात, मत घ्या. एक इकडं, एक तिकडं." केतन सर माझ्याकडं वळले. "सन्मती, तू सांग. मनापासून सांग. हा अल्बम डबल काढण्यात अर्थ आहे का?"

मला खरंच उत्तर माहीत होतं. पहिल्या सीडीतली सहा गाणी आणि दुसरीतली दहा-बारा मिनिटं, झाला तुमचा अल्बम. कडक. एक ग्रॅम जादा नाही. तोंडावर आलेलं. पण सुद्याची काडी गुडघ्यावर चालूच होती, आणि ती स्पीकरमधल्या टकटकीबरोबर तंतोतंत पडत होती. तो आवाज ऐकून वाजवत नव्हता. त्याचं लक्षही नव्हतं.

"सुद्या," मी म्हटलं, "एकदा सांग लगा. ते टक टक कशाला हाय? मग मी मत देतो."

"मला कशाला विचारतोस?" तो म्हणाला. "ऋतूला विचार. त्याला म्हाईत हाय."

ऋतुराजनं मोबाईल खाली ठेवला. "तो विषय इथं नको."

"कुठला विषय?" केतन सर.

"काही नाही सर. गावाकडचं आहे. जुनं."

"जुनं न्हाई," सुद्या म्हणाला. "रोज हाय."

आणि मग त्यानं सांगितलं. आवाज चढवला नाही. मी त्याच्याबरोबर चार वर्षं वाजवत होतो, एका ताटात जेवलो होतो. हे मला माहीत नव्हतं.

वाटेत दुःखाचं घर आलं, म्हणजे जिथं कुणी नुकतं गेलंय असं घर, की बँड गप्प होतो. वाजवायचं नाही. फक्त काडी कडेवर, म्हणजे चालणाऱ्यांची पावलं मोडत नाहीत. ते दार मागं पडलं की परत सुरू. नवरा कुणाचाही असो, पाटलाचा असो नाहीतर आमदाराचा. बँडवाल्यांचा तेवढा एक नियम गाव पाळतं.

सुद्या सोळा वर्षांचा असताना त्याची आई गेली. आणि त्याच आठवड्यात ऋतुराजच्या थोरल्या भावाची वरात होती. सुपारी आधीच घेतलेली. बापू हात जोडून सांगायला गेले की दुसरा बँड बघा. लग्नसराई, दुसरा बँड मिळेना. घोरपड्यांच्या घरातनं सांगितलं, ते आम्हाला काय माहीत नाही, तुम्ही यायचं.

बापू गेले. लाल कोट घालून. सुद्या साईड ड्रमवर.

वरात गल्लीच्या तोंडाशी आली. बापूंनी हात वर केला. बँड गप्प झाला.

"ह्याचा काका पुढं आला," सुद्या म्हणाला. "म्हणाला, का थांबवलंस? बापू म्हणालं, दुखाचं घर हाय. काका म्हणाला, कुणाचं? बापू म्हणालं, माझंच. तर म्हणाला, तुझंच हाय न्हवं? मग तुझी परवानगी हाय. वाजीव."

केतन सरांनी स्पीकर बंद केला. सुद्या सांगत राहिला.

"आईचा दिवा जळालता आत. दार उघडं हुतं. म्हातारी आज्जी उंबऱ्यात बसल्याली. आणि आम्ही दारात वाजवलं. बापूनं वाजवलं, मी वाजवलं. पुढं पोरं नाचालती. त्यातलं एक वराडलं, बापू, फास्ट घ्या!"

त्यानं ऋतुराजकडं बघितलंसुद्धा नाही.

"मी सतरा वर्षांचा होतो," ऋतुराज म्हणाला. "मला काय माहीत कुणाचं घर आहे ते? सगळी नाचत होती."

"म्हाईत नव्हतं? शाळेतनं पोरं आली हुती आईच्या मातीला. तू पण हुतास."

ऋतुराज उठला. "बरं, होतो! मग काय करू आता? पाय धरू? काका असं बोलला, मी नाही बोललो. आणि हे अल्बममध्ये घालायची काय गरज आहे? उद्या गावात कुणी ऐकलं तर सगळ्यांना कळणार कुणाची वरात ती. माझ्या बाबांचं नाव आहे तिथं."

"मी नाव घेतलंय का कुणाचं?" सुद्या म्हणाला. "एक शब्द न्हाई त्यात. मी नुसता गप्प बसलोय. माझ्याच दारात. ते बी चालत न्हाई तुमाला?"

केतन सरांनी घसा खाकरला. "हे बघ सुदर्शन, भावना पोचल्या माझ्यापर्यंत. खरंच. पण ऐकणाऱ्याला ह्यातलं काही माहीत नसणार. त्याच्यासाठी तो रिकामा भागच आहे ना? तो पुढं ढकलणार."

"ढकलू दे की त्याला," मी म्हटलं. "तुम्ही का ढकलताय?"

"सन्मती, तूच म्हणालास पंगत..."

तिथं माझं डोकं फिरलं. मी खुर्चीला लाथ घातली, ती जाऊन काचेवर आपटली. केतन सर दचकून उभे राहिले.

"ते माझं मत हाय! माझं! टपरीवर उभं राहून, माझ्या पैशाचा चहा पिऊन बनवलेलं! ह्यानं ते उचललं आणि सुद्याच्या आईच्या दारात नेऊन वाजवलं!" मी ऋतुराजच्या अंगावर गेलो. "डबल अल्बम वाईट म्हणून नको होता व्हय रं तुला? घसा बसला हुता व्हय तुझा? सरळ सांगायचं होतंस, मला लाज वाटत्या म्हणून! मी ऐकलं असतं! लाजेसाठी माझी अक्कल कशाला वापरलीस?"

"आवाज खाली कर."

"फास्ट घ्या म्हणताना तुझा आवाज खाली हुता?"

त्यानं माझी कॉलर धरली, मी त्याची. सुद्यानं मध्ये येऊन दोघांना दोन हातांनी ढकललं. ड्रमरचे हात, मी सोफ्यावर बसलोच.

"मत दे," तो मला म्हणाला. "मारामारी नंतर कर. सर विचारालेत. मत दे."

मी हात वर केला. "डबल. सगळी. कुकरसकट."

"दोन विरुद्ध एक," सुद्या म्हणाला.

"मग मी नाही," केतन सर म्हणाले. खुर्ची सरळ करून बसले, माऊस हातात घेतला. "मी रडगाणी छापत नाही. ही बघा तुमची दुसरी सीडी." आणि आमच्या डोळ्यांसमोर फोल्डर उचलून कचरापेटीत टाकलं. मग कचरापेटी पण रिकामी केली. "संपला विषय. ऋतुराज, तू थांब, तुझ्याशी बोलायचंय."

ऋतुराज थांबला.

सुद्या आणि मी जिना उतरलो. खाली येईपर्यंत मी तोंडाला येईल ते बोलत होतो. गाडीला किक मारायच्या आधी मी बॅगेची चेन उघडून त्याला आतलं कार्ड दाखवलं. रेकॉर्डरचं. मामाचा रेकॉर्डर परत दिला होता, कार्ड राहिलं होतं. त्यात सगळी वाट होती, हायवेपासून मारुतीपर्यंत, कुणी हात न लावलेली.

त्यानं बघितलं आणि म्हणाला, "चेन लाव. पडंल."

पुढं ऋतुराजच्या नावानं पहिल्या सीडीतली नऊ गाणी आली. बेस आणि ड्रम पुण्याच्या पोरांनी परत वाजवले. गुऱ्हाळ संपलं. मी इचलकरंजीत वायरिंगची कामं घ्यायला लागलो. बापूंच्या दम्यानं क्लॅरिनेट सुटलं, बँडची माणसं पांगली. सुद्या आता डॉल्बीच्या गाडीवर मिक्सरला बसतो. पोट आहे. पण तिथं पण त्याची खोड गेली नाही. दुःखाचं घर आलं की सगळी बटणं खाली ओढतो. पोरं शिव्या घालतात, एकदा अंगावर पण आली. हा हात काढत नाही.

आता कालचा फोन.

"सन्मती? केतन बोलतोय. ओळखलंस?"

मी ओळखलं.

"अरे, आपलं एक गाणं अचानक चाललंय! सगळे त्याच्यावर व्हिडिओ करतायत." आपलं म्हणाला. "आता मोठ्या तबकड्या परत फॅशनमध्ये आल्यात, माहितीये ना? मी डबल काढतोय. दोन तबकड्या! लोकांना आता भरगच्च काहीतरी हवंय. कधीच न ऐकलेलं. तुमची ती बँडवाली दुसरी बाजू, तुझ्याकडं असेल ना कुठंतरी?"

सात वर्षांपूर्वी रोग होता. आता फॅशन आहे.

"आहे," मी म्हटलं.

"ग्रेट! ऋतुराजशी बोललोय, त्याची काहीच हरकत नाही. फक्त मधला तो रिकामा भाग..."

मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. आमच्या घरातली माणसं वाचतील. आई स्वयंपाकघरातनं बाहेर आली एवढं सांगतो.

मग सुद्याला फोन लावला. तो गोडाऊनमध्ये वायरी गुंडाळत होता. सगळं ऐकून घेतलं आणि हसायलाच लागला.

"तुझं काय मत मग?" तो म्हणाला. "डबल अल्बम काढावा का न्हाई?"

"काढू नये. भिकार कल्पना. कायम भिकार."

"मग आपलं काय करायचं?"

"आपली दुसरी तेवढी काढायची. मी काढतो. इंटरनेटवर टाकतो, कुणाच्या बापाला विचारायला नको. पहिली नसलेली दुसरी. बापूंचं नाव पुढं, सातही जणांची नावं खाली."

मागं कुणीतरी स्पीकर ओढत होतं.

"बापूस्नी ऐकवायची आधी," तो म्हणाला. "त्यास्नी म्हाईतच न्हाई तू ठेवलीयास ते."

"रविवारी येतो."

"आणि सन्म्या. उद्या कुणी म्हणालं, ते मधलं जरा कमी करा, लोकं पुढं ढकलतात, असं तसं. कुणी बी म्हणंल. चांगली माणसं बी म्हणतील."

"म्हणू देत."

"तू बी म्हणशील. तुला जादा काय सोसत न्हाई."

"सुद्या, ऐक. शब्द देतो तुला. गल्ली संपेपर्यंत कुणाला वाजवू देणार नाही."